इंग्लिश बाग, तिला घडवणारी बाई आणि आमच्या आजीचं परसदार

दिवाळीत नांदूरघाटला गेले होते. घराचं काम काढायचं चाललंय, जुना वाडा पाडून स्लॅबचं घर. जेवताना दादानं मोबाइल पुढे केला. म्हणाला, "परसदारी हे असलं करायचं. तू बॉटनीवाली आहेस, सांग कसं करायचं ते."

फोटोत इंग्लंडमधलं एक दगडी घर होतं. पुढे कार्पेटसारखी हिरवळ, कडेला फुलांचे दाट ताटवे, भिंतीवर चढलेले गुलाब. 'इंग्लिश कंट्री गार्डन' असं शोधलं की पहिल्यांदा येतं तसलंच.

आजीनं फोटो बघितला आणि एकच विचारलं, "याला पाणी कोण घालतं?"

मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. मी डोंगरातल्या रानझाडांवर पीएच.डी. करते, इंग्रजी बागांवर नाही. पण परत आल्यावर वाचायला लागले आणि वाचता वाचता लक्षात आलं की आजीचा प्रश्न आणि दादाचा फोटो या दोन्हींचं उत्तर एकाच बाईच्या गोष्टीत आहे. आजची पोस्ट तिच्याबद्दल.

ही बाई कोण?

गर्ट्रूड जीकल. स्पेलिंग बघून आपण 'जेकिल' म्हणतो, पण कुटुंबातला उच्चार 'जीकल'. 'डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड' मधलं आडनाव तेच. लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा तिच्या धाकट्या भावाचा, वॉल्टरचा मित्र होता.

जन्म 1843, लंडन. ती पाच वर्षांची असताना घर सरे परगण्यात खेड्याकडे गेलं. 1861 मध्ये, म्हणजे मुलींनी कलाशाळेत जाणं फारसं रूढ नसताना, ती लंडनच्या साउथ केन्सिंग्टन कलाशाळेत चित्रकला शिकायला गेली. चित्रं, भरतकाम, चांदीकाम, लाकडावरचं कोरीवकाम, पुढे फोटोग्राफी, सगळं तिनं हातानं केलं. श्रीमंत घरातली, अविवाहित, हट्टी. साधारण 1883 मध्ये तिनं आईच्या घरासमोरची 15 एकर जमीन घेतली. रेताड, आम्लधर्मी, शेतीच्या दृष्टीनं कसदार नसलेली. या जागेचं नाव मन्स्टेड वूड. इथेच ती 1932 मध्ये, वयाच्या 89 व्या वर्षी वारली. मधल्या काळात तिनं सुमारे 400 बागांचे आराखडे केले, हजारावर लेख लिहिले आणि डझनभर पुस्तकं.

एक ओळख आपल्या जवळची आहे. 1889 मध्ये तिची गाठ वीस वर्षांच्या एका नवख्या आर्किटेक्टशी पडली. एडविन लट्येन्स. मन्स्टेड वूडचं घर त्यानंच 1896-97 मध्ये बांधलं. पुढे याच माणसानं नवी दिल्लीचं राष्ट्रपती भवन उभं केलं. तिथली बाग जीकलबाईंनी केलेली नाही. आखणी लट्येन्सची आणि लागवड विल्यम मस्टो यांची. पण मुघल पद्धतीच्या चौकटीत हंगामी फुलांचे भरगच्च ताटवे दिसतात, तिथे तिची सावली ओळखू येते.

तिच्या आधी काय होतं?

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या बड्या बागा आजच्या सरकारी चौकातल्या बागांसारख्या असत. काचघरात हजारो रोपं वाढवायची, उन्हाळ्यात आणून नक्षीत बसवायची: लाल गोल, पिवळा पट्टा, निळी किनार. हंगाम संपला की उपटून टाकायची. सतरंजी विणावी तशी बाग.

याविरुद्ध पहिल्यांदा जोरात ओरडला विल्यम रॉबिन्सन नावाचा माळी-लेखक. 1870 मध्ये त्यानं 'द वाइल्ड गार्डन' लिहिलं. म्हणणं साधं होतं: जी झाडं इथल्या मातीत वर्षानुवर्षं स्वतः टिकतात ती लावा. जीकल त्याच्या बाजूची. पण तिनं आणखी एक जागा शोधली होती, आणि मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. ती सरेमधल्या मजुरांच्या, शेतकऱ्यांच्या घरांपुढची अंगणं बघत फिरायची. घोडागाडीतून जाताना थांबायची, त्या घरच्या बाईला विचारायची, हे काय, कधी फुलतं, कुठून आणलं. त्या अंगणांत भाजी, औषधी पाला, फुलं एकत्र असायची. जागा कमी, त्यामुळे रिकामी माती कुठे नाही. एक गेलं की दुसरं वर येतं. त्या भागातलं जुनं खेडूत जगणं, घरं, भांडी, अवजारं यांचे फोटो काढून तिनं 1904 मध्ये एक पुस्तकही केलं.

थोडक्यात, आज जिला आपण साहेबांची बाग समजतो तिचं मूळ गरिबांच्या परसदारात आहे.

अधू डोळे आणि 200 फुटांचा ताटवा

तिची दृष्टी लहानपणापासून कमजोर होती आणि हळूहळू आणखी बिघडत गेली. 1891 मध्ये जर्मनीतल्या एका नामांकित नेत्रतज्ज्ञानं सांगितलं की चित्रकला आणि बारीक भरतकाम बंद करा, नाहीतर उरलेली नजरही जाईल. ती तेव्हा 47 वर्षांची होती. त्यानंतर ती पूर्ण ताकदीनं बागेत उतरली.

"तिला अंधुक दिसायचं म्हणून तिनं रंगांचे पुंजके पाहिले" असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. गोष्ट छान आहे, पण मला अर्धीच पटते. डोळ्यांचा निकाल लागण्याआधी तीस वर्षं ती रंगांचाच अभ्यास करत होती. टर्नरची चित्रं तिनं समोर बसून नकलली होती. नजर गेली म्हणून ज्ञान आलं असं नाही. ज्ञान होतंच, त्याला नवा कागद मिळाला.

तो कागद म्हणजे मन्स्टेड वूडचा मुख्य ताटवा. साधारण 200 फूट लांब, 14 फूट रुंद, मागे उंच दगडी भिंत. एका टोकाला राखाडी पानांची झाडं आणि निळी, पांढरी, फिकट पिवळी, फिकट गुलाबी फुलं. मध्याकडे येताना पिवळा गडद होत जातो, मग केशरी, मध्यभागी लालभडक. मग पुन्हा केशरी, पिवळा, फिकट, आणि दुसऱ्या टोकाला राखाडी पानांसोबत जांभळा. फुलं गोल किंवा चौकोनात नाहीत, तर लांबट, तिरप्या पट्ट्यांत एकमेकांत घुसलेली. त्यामुळे एका जातीचा बहर ओसरला तरी भगदाड दिसत नाही.

हा क्रम का, यामागे शास्त्र आहे. आणि ते तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, दसऱ्याचा झेंडू पुरतो. जीकलनं स्वतः वाचकांना हा प्रयोग सांगितला आहे. केशरी झेंडूचं झाड उन्हात बघा. फुलाकडे अर्धा मिनिट टक लावून बघायचं, नजर हलवायची नाही. मग एकदम त्याच्या पानांकडे बघायचं. मळकट हिरवी पानं क्षणभर निळी दिसतात. करून बघा, मग पुढे वाचा.

होतं काय, तर आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या तीन प्रकारच्या शंकू पेशी असतात. ढोबळमानानं लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या. केशरी रंगाकडे एकसारखं पाहिलं की लाल प्रकाश टिपणाऱ्या पेशी सगळ्यात जास्त आणि हिरव्यावाल्या काही प्रमाणात 'थकतात', त्यांचा प्रतिसाद मंदावतो. निळ्यावाल्या ताज्याच असतात. मग पानाकडे पाहिलं की मेंदूकडे जाणाऱ्या संदेशात निळ्याचं पारडं जड होतं.

शेजारी ठेवलेले रंगही एकमेकांना बदलतात, हे मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1839 मध्ये सविस्तर मांडलं होतं. तो पॅरिसच्या सरकारी गालिचा कारखान्यात रंगविभाग सांभाळायचा. तक्रार आली की काळा रंग फिका दिसतो. त्यानं तपासलं तर रंग चांगला होता, शेजारचे धागे त्याला फिका करत होते. पैठणीचा काठ निवडताना आपल्याकडच्या बायका हेच करतात, काठ पदरावर ठेवून बघतात, सुटा बघत नाहीत.

जीकलच्या ताटव्यात माणूस चालत जातो, म्हणजे तो रंग एकामागून एक पाहतो. राखाडी-निळ्यानं डोळे भरले की पुढचा पिवळा जास्त उजळ वाटतो. लाल-केशरीनं थकले की पलीकडचा जांभळा-राखाडी गार वाटतो. डोळ्यांची पुढची भूक ओळखून तिनं पुढचं पान वाढून ठेवलं आहे.

खरं कौशल्य रंगाचं नाही, वेळेचं

रंगांबद्दल सगळेच लिहितात. माझं काम बहराच्या वेळापत्रकाचं आहे. दर पंधरा दिवसांनी त्याच झाडांपाशी जायचं आणि कळी कधी, फूल कधी, शेंग कधी हे लिहून ठेवायचं. त्यामुळे मला तिची दुसरी बाजू जास्त भावली.

तिचा तो 200 फुटी ताटवा वर्षभर सुंदर नव्हता, आणि तसा असावा असा तिचा आग्रहही नव्हता. तो जुलै मध्य ते ऑक्टोबरसाठी होता. वसंतासाठी वेगळा कोपरा, जूनसाठी वेगळा, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या जांभळ्या अॅस्टरसाठी वेगळा. हिवाळ्यासाठी रानातल्या वाटा. एका जागेकडून बारा महिन्यांची अपेक्षा ठेवायची नाही, हा तिचा पहिला धडा.

दुसरा धडा म्हणजे एकाच जागेवर एकापाठोपाठ एक. मोठ्या लाल पॉपीची पानं फुलून झाल्यावर मरतात, खड्डा पडतो. म्हणून शेजारी जिप्सोफिला, तीच बुकेमध्ये घालतात ती पांढरी बारीक फुलं. ती पसरून खड्डा झाकते. तीही वाळली की तिच्यावर नॅस्टर्शियमचा वेल सोडायचा. उंच निळ्या डेल्फिनियमचा बहर संपला की त्याच्या दांड्यांवर पांढऱ्या वाटाणावर्गीय फुलाचा वेल, त्यानंतर क्लेमॅटिस. तरीही फट उरलीच तर कुंडीतली लिली जमिनीत पुरायची.

हे सगळं वाचताना मला आजी दिसत होती.

आजीच्या परसदारी न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ. पावसाळ्यात तेरडा आणि गुलबक्षी. तेरडा वाळला की ती तो उपटते, आणि त्याच्या आडोशाला आधीच लावलेले शेवंतीचे फुटवे तोवर कळ्यांवर आलेले असतात. (शेवंतीला दिवस लहान होत चालल्याची खूण लागते, तेव्हाच ती कळ्या धरते. आजीला हे शास्त्र माहीत नाही, तारीख माहीत आहे.) शेवग्यावर घोसाळ्याचा वेल. थंडी सरताना ती मोगऱ्याची पानं ओरबाडते, पाणी तोडते, मग पाणी सोडते की उन्हाळ्यात कळ्या. कण्हेर आणि सदाफुली बारमाही, फट भरायला.

फरकही सांगायला हवा. जीकलकडे पैसा होता, जमीन होती आणि हाताखाली माळी होते. ती त्या अंगणांकडून शिकली आणि तिनं ते लिहून ठेवलं, म्हणून बाग तिच्या नावावर झाली. ज्या बायकांच्या अंगणापुढे तिची घोडागाडी थांबली, त्यांची नावं कुठेच नाहीत.

मग दादाच्या फोटोतली हिरवळ इथे का नको?

आता आजीचा प्रश्न. एक आकडा बघून मीही चकित झाले. लंडनला वर्षाला साधारण 600 मिलिमीटर पाऊस पडतो. बीड जिल्ह्याची सरासरी साधारण साडेसहाशे ते सातशे. म्हणजे आपल्याकडे पाऊस कमी नाही, उलट थोडा जास्तच!

फरक दोन गोष्टींत आहे. एक, वाटणी. लंडनला दर महिन्याला 40 ते 70 मिलिमीटर, कोरडा महिना असा नाहीच. आपल्याकडे जवळपास 80 टक्के पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये, तोही मधे तीन-तीन आठवडे गायब. दोन, बाष्पीभवन. दक्षिण इंग्लंडमध्ये हवा वर्षभरात जेवढं पाणी ओढते ते जवळपास पावसाइतकंच. मराठवाड्यात ती पावसाच्या अडीचपट पाणी मागते. मे महिन्यात दिवसाला 7 मिलिमीटर किंवा अधिक.

आता गणित. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. हिरवळीला या मागणीच्या साधारण 80 टक्के पाणी धरलं तर मे महिन्यात एक गुंठा लॉनला रोज साडेपाचशे-सहाशे लिटर लागतं. जल जीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटर. म्हणजे दहा माणसांचं पाणी. मार्च ते मे या तीन महिन्यांत 12 हजार लिटरचे चार टँकर. हा ढोबळ हिशोब आहे, पण यापेक्षा फार कमी येत नाही. 2016 मध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे आपण विसरायला नको.

एका संस्थेच्या आवारात मी हे प्रत्यक्ष पाहिलंय. जूनमध्ये लॉन अंथरलं, उद्घाटन झालं, फोटो निघाले. मार्चमध्ये बोअर आटला. पुढच्या जूनमध्ये तिथे पेव्हर ब्लॉक होते.

साहेबानं इथे केलेल्या बागांचंही हेच सांगणं आहे. मुंबईची राणीची बाग 1862 मध्ये इंग्रजी घाटाची म्हणून खुली झाली. आज तिची खरी श्रीमंती कशात आहे? गोरखचिंच, कैलासपती, सीता अशोक अशा उष्ण प्रदेशातल्या वृक्षांत. पुण्यात गणेशखिंडीच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक मार्शल वुड्रो यांना तर भारतातल्या बागकामाचं वेगळं पुस्तकच लिहावं लागलं, कारण इंग्लंडचं पंचांग इथे चालत नाही.

आणि 'देशी-विदेशी' या वादात मी पडत नाही. झेंडू, झिनिया, डेलिया, कॉसमॉस ही चारही मूळची मेक्सिकोची. गुलबक्षी अमेरिका खंडाची, सदाफुली मादागास्करची. जीकलच्या 'इंग्लिश' बागेतही हीच पाहुणी मंडळी होती. मेक्सिकोत पाऊस उन्हाळ्याच्या महिन्यांत येतो, त्यामुळे झेंडू-झिनिया आपल्या खरिपात सुखानं रमतात. प्रश्न झाड कुठून आलं हा नाही. त्याचं वेळापत्रक आपल्या पाण्याच्या वेळापत्रकाशी जुळतं का, हा आहे.

दादाला काय लिहून दिलं

मी त्याला फोटोऐवजी एक तक्ता पाठवला. बारा महिने आडवे, झाडं उभी. आजीला फोनवर विचारून भरला.

आषाढ ते भाद्रपद: तेरडा, गुलबक्षी, कर्दळ, कुंपणावर कळलावी (हिचा कंद विषारी, लहान मुलांपासून लांब). अश्विन-कार्तिक: झेंडू, आणि बांधावरून आणून लावलेला तरवड, म्हणजे घटाच्या माळेला दुसऱ्याच्या रानात जायला नको. मार्गशीर्ष-पौष: शेवंती, अबोली. फाल्गुन-चैत्र: कडुनिंबाचा मोहर, मागच्या हद्दीला एक पळस. वैशाख-ज्येष्ठ: मोगरा आणि एक बहावा.

तक्ता भरल्यावर दिसलं की आजीच्या परसदारात ऐन उन्हाळा ओका होता. पळस आणि बहावा मी त्या फटीसाठी सुचवले. दोन्ही बालाघाटच्या डोंगरात पाण्याविना फुलतात, आणि त्या दिवसांत मधमाश्यांना दुसरं फार काही मिळत नाही. रंगांचा क्रमही लावला: न्हाणीकडून पांढरा-फिका, मध्ये झेंडूचा केशरी, टोकाला अबोली आणि कण्हेर. लॉनच्या जागी मुरुमाची पायवाट. सगळं न्हाणीच्या आणि भांड्यांच्या पाण्यावर बसतं, फक्त नव्या झाडांना पहिली दोन वर्षं वेगळं पाणी द्यावं लागेल.

जीकलच्या मृत्यूनंतर मन्स्टेड वूडचे तुकडे पडले, तो मोठा ताटवा गेला. बाग अशीच असते, माळी गेला की दोन-तीन वर्षांत रान. ती नंतर पुन्हा उभी करता आली, कारण तिनं लिहून ठेवलं होतं. तिचे कित्येक आराखडे अमेरिकेतल्या बीट्रिक्स फॅरंड या उद्यानकार बाईनं विकत घेऊन जपले, ते आज कॅलिफोर्निया विद्यापीठात आहेत. 2023 मध्ये इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टनं मन्स्टेड वूड ताब्यात घेतलं.

आजीचं काहीच लिहिलेलं नव्हतं. आता एक तक्ता आहे. तिला त्यात दोन चुका सापडल्या: अबोली तिच्याकडे पौषाच्या पुढेही फुलते, आणि गुलबक्षीच्या दोन रंगांची बियाणी मी एकच धरली होती. दुरुस्त करतेय.

दादा अजून पूर्ण तयार नाही. तो म्हणतो, पुढे निदान दहा बाय दहाचं तरी लॉन करू. आजी म्हणाली, "कर की. पण पाणी तू घालायचं, सुनेनं नाही." त्यावर तो अजून काही बोललेला नाही.

तुमच्या घरी परसदार असेल, किंवा होतं, तर असा बारा महिन्यांचा तक्ता करून बघा. आई-आजीला विचारून भरा. कोणता महिना रिकामा निघतो ते मला जरूर कळवा. पुढच्या पोस्टमध्ये तरवडावर कोणत्या माश्या येतात आणि त्या कशा ओळखायच्या, ते सांगते.